बापाची दोन बोटं

१३ मार्च २०२३, सोमवार

मानवजातीवर झालेल्या अन्यायांचा इतिहास कुणी लिहायला घेतलाच, तर पहिलं प्रकरण दादाच्या कोंबड्याला द्यावं. झुंजीचा, तांबडा, बांबूच्या टोपलीखाली झाकलेला – आणि टोपली बरोब्बर माझ्या खिडकीखाली! उजाडायच्या कितीतरी आधी भाषण सुरू. पुढाऱ्यांसारखाच, टाळ्या पडोत न पडोत, थांबायचं नाव नाही. मी त्याला मंत्री म्हणते.

दादाला म्हटलं, "याला पलीकडे हलव."

दादा भात कालवत म्हणाला, "का? काय करतो तो?"

"ओरडतो!"

"कुठे ओरडतो? मला नाही बाई कधी त्रास झाला."

याला म्हणतात घरचा कर्ता. नवरा सोडून माहेरी आलेल्या बाईला खिडकी मिळाली हेच खूप, ती कुठे उघडते ते विचारू नये.

१४ मार्च

देनपसार शहरातून, माझ्या वर्तमानपत्राच्या संपादकांचा फोन. "सदर थंड पडलंय. गावात बसून तिरकं लिहिता येत नाही, परत या." जाते की! कडेवर बापाला घेते, डोक्यावर रोजच्या नैवेद्याच्या टोपल्या, आणि निघते.

१५ मार्च

आज दादाशी वाजलं.

आम्ही पिढीजात लोहार, देवळाची वाद्यं घडवणारे. गावच्या वाद्यांच्या काशाच्या पट्ट्या तडकल्या होत्या, म्हणून बापाने त्या वितळवून नव्या ओतल्या. सूर लावायचं तेवढं राहिलं आणि त्याला झटका आला. आता त्याच्याकडे चार-दोन शब्द उरलेत, उजवा हात लाकूड झालाय.

आमच्याकडे प्रत्येक पट्टीला जुळी असते, केसभर चढी. दोघी एकदम वाजल्या की सुरात लाट उठते. ती किती संथ, किती घाईची, हे ज्या त्या गावाचं. आमची संथ. रस्त्यावरून जाणारा म्हातारा नुसत्या लाटेवरून सांगतो, हे अमक्या देवळाचं वाद्य.

आणि दादा म्हणतो, "न्येपीचं मौन झालं की शुक्रवारी कानस लावणार. फोनवर ॲप आहे, आकडे दाखवतं."

"कुठल्या गावाचे आकडे?"

"काय?"

"कुठल्या गावाचे म्हटलं!"

"चांगले आकडे आहेत. हॉटेलवाले तेच घेतात."

काढलेलं कासं परत चिकटत नाही – हे बापाचंच वाक्य. आज त्याला ते म्हणताही येईना. नुसता डोळे फिरवत राहिला कोपऱ्याकडे. तिथे पोत्याखाली तो जुना संगणक. सत्तावीस वर्षांपूर्वी एक जपानी अभ्यासक बाई इथे ठेवून गेल्या. जुनी प्रत्येक पट्टी, जुळीसकट, बापाने त्यात भरून घेतलेली. कळ दाबली की पट्टी वाजायची.

म्हणजे सूर आहे! पोत्याखाली आहे.

१६ मार्च

चालू होतो. पंखा विमानासारखा घरघरतो. पडदा उजळतो. कळ दाबली – काही नाही. दुसरी – काही नाही. घरात आता मुके दोन.

१७ मार्च

गियान्यारहून रादिता आला. मोबाईल दुरुस्त करतो, वय पोरगेलं नाही पण केस पोरगेले. उघडून म्हणाला, "ताई, हे संग्रहालयात द्या."

"आधी वाजव, मग तुलाही देते."

घाम पुसत त्याने शोधलं. दादाने मागे प्रिंटरसाठी बसवलेलं कार्ड आणि आवाजाचं कार्ड, दोघांना एकच क्रमांक. एकाच चुलीवर दोन जावा! दोघी एकदम हाक मारणार आणि संगणक कुणाचंच ऐकणार नाही. एक काळी टोपी एवढीशी, नखाएवढी, या पिनेवरून त्या पिनेवर बसवली, क्रमांक वेगळे झाले. कार्डाचे सोनेरी दात खोडरबराने घासले. पंचायतीच्या मांडवातला दवंडीचा ऍम्प्लिफायर मागून आणला, त्याची वायर खुपसली, कळ दाबली –

टंग्!

वहिनीच्या हातातला झावळीचा द्रोण खाली पडला. मी ओरडले. दादा तेवढा फोनमध्ये डोकं घालून बसलेला, ढिम्म. जळतो मेला, दुसरं काय.

बापाजवळ ऍम्प्लिफायर नेला. पुन्हा वाजवलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मेलंय."

"वाजतंय की, बापा!"

"मेलंय." आणि डाव्या हाताची दोन बोटं वर.

रादिता म्हणाला, "आवाज आला ना? मग माझं काम झालं." गेला.

१८ मार्च

दोन बोटं. दिवसभर दोन बोटं.

वहिनीने दोन केळी दिली. फेकली. दोन कप कॉफी दिली – एक प्यायला, दुसरा ओतून दिला. वहिनी म्हणाली, "दोन नैवेद्य हवेत, यंत्राला आणि यंत्राच्या भुताला." तेही ठेवले. मंत्र्याने एक खाल्ला.

"मेलंय." दोन बोटं.

२० मार्च

कार्ड तीनदा काढून लावलं. आवाजाचं चाक पुढे, मागे, पुढे. प्रत्येक पट्टी वाजते, स्वच्छ, खणखणीत. आणि खरंच काहीतरी कमी आहे. काय ते हाताला लागत नाही. डब्यात ठेवलेला सूर शिळा होतो का?

दादा म्हणाला, "झाली का हौस? शुक्रवारी कानस."

मी म्हटलं, "तुला ऐकायचंच नाहीये!"

तो उठून गेला.

२१ मार्च

बाहेर कागदी राक्षसांची मिरवणूक. गाव नुसतं थाळ्या-डबे बडवतंय. उद्या दिवसभर सगळं चिडीचूप – दिवा नाही, चूल नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. वर्षभर मी तेच करते आहे, मला काय नवीन!

२२ मार्च, न्येपी

लिहिणं हे काम आहे का? देवांनी ठरवावं. खिडकीतून रेघेपुरता उजेड येतोय.

रस्त्यावर फक्त पंचायतीचे पहारेकरी, चौकड्यांच्या लुंगीत. मंत्रीसुद्धा गप्प. विमानतळ बंद, दुकानं बंद, फोनचं इंटरनेट बंद. पळून जायचं म्हटलं तरी बेटच बंद आहे.

दुपारी बापापाशी बसले. त्याने माझं मनगट धरलं. एक बोट टेकवलं. थांबला. मग दुसरं, त्याच्या शेजारी. मग दोन्ही एकदम, आणि हळूहळू दाबत-सोडत, दाबत-सोडत...

लाट!

लोहाराची मुलगी मी! जुळ्यांच्या घरात जन्मले आणि सहा दिवस एकटीच पट्टी ऐकत बसले. बापाने जोडीतली खालची डाव्या स्पीकरच्या वाटेने भरली होती, चढी उजव्या. दवंडीच्या वायरीच्या टोकाला काळं कडं एकच – एकच वाट. उजवी जुळी आत गुदमरून बसलीय. एकटी वाजते ती मेलेलीच.

दोन कड्यांची वायर घरात एकच आहे. वहिनीच्या इअरफोनची, द्रोण विणताना कोरियन मालिका ऐकायला. आणि संगणक उद्या सकाळपर्यंत लावायचा नाही. उत्तर मुठीत घेऊन भिंतीला टेकून बसलेय. असला तुरुंग मंत्रिमंडळालाही सुचला नसता.

२३ मार्च

उजाडताच वहिनीची वायर कापली. विचारलं नाही, विचारलं असतं तर मालिकेचे सोळा भाग ऐकावे लागले असते. दोन्ही तारा सोलल्या, एकत्र पिळल्या, ऍम्प्लिफायरला जोडल्या. कळ दाबली.

काय लिहू. सूर उठला आणि हलायला लागला. अंगणभर. वहिनी वायरीचा खून पाहून बोंबलत आली होती, ती दारातच थांबली. म्हणाली, "अगं बाई. आपलं देऊळ."

बापा "मेलंय" म्हणाला नाही.  त्याचं बोट गुडघ्यावर वर-खाली, लाटेबरोबर.

दादा कधी आला कळलं नाही. मी म्हटलं, "मोज आता! किती संथ आहे ते मोज, तुझ्या आकड्यांना लाव आग!"

त्याने मोजलं. बरोबर मोजलं. मी जिंकले. मग दुसरी जोडी वाजवली आणि पाण्याचा पेला द्यायला बापाचा डावा हात हातात घेतला. म्हटलं, "आणि ही?"

दादा बापाच्या हाताकडेच बघत होता.

"ही किती, दादा?"

"हात सोड त्याचा," दादा म्हणाला.

२४ मार्च, शुक्रवार

भट्टीतल्या हातोड्यांनी दादाचे कान गेलेत. लाट ऐकू येणं कधीच गेलं, आता माणसांचे आवाजही जाताहेत; काल मोजलं ते बापाच्या बोटावरून. म्हणून तो फोन. म्हणून मंत्री "कुठे ओरडतो?" दादा फक्त एवढंच म्हणाला, "गावात बोलू नकोस. आणि छापू नकोस."

आज कानस त्याने चालवली. मी डाव्या बाजूला, त्याला दिसेल अशी, गुडघ्यावर बोट लाटेबरोबर हलवत बसले. बापा माझ्याकडे बघत होता. पहिली जोडी लागली.

संपादकांना कळवलं, सदर इथूनच पाठवीन. वहिनी आंघोळीला गेल्यावर, ती इअरफोन टांगायची त्या खिळ्याला नवी वायर अडकवली. दोन कड्यांची.