मध्ये बोलू नकोस

१९ एप्रिल, शनिवार

“प-प-प-प—”

पंखा म्हणायचं होतं ढब्बूला. परवापर्यंत धडाधड बोलणारं पोर! मला वाटलं खेळतोय. मी हसले, त्याची ताईही हसली. मग त्याच्या मानेची शीर दिसली, ताणलेली, आणि माझं हसू जागच्या जागी वाळलं. शेवटी पंखा म्हणालाच नाही तो. वर बोट केलं आणि माझ्याकडे बघत बसला, जणू मीच त्याचा शब्द कुठेतरी ठेवलाय.

२२ एप्रिल

अजून तसंच. आणि फक्त ‘प’ नाही. ‘क’वर, ‘त’वर, काल ‘आ’वर. आ-आ-आई.

हे नेमकं आत्ताच व्हायचं होतं. दोन शाळांचे गणवेश शिवायचे अंगावर आहेत, पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. निळे स्कर्ट एका बाजूला, पांढरे शर्ट दुसऱ्या बाजूला, मध्ये मी आणि मशीन. ह्यांच्या बर्फाच्या कारखान्यातही हाच हंगाम. सकाळी अंधारात जातात, येतात तेव्हा हात गार आणि डोकं गरम. मुलं त्यांचे तळवे गालाला लावून घेतात. तेवढीच काय ती बापलेकांची भेट.

ताईला सुट्टी लागलीय. सात वर्षांची, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही. “आई, मुंग्यांना उकडतं का? आई, कॉलरला दोन कोपरेच का? आई, तू झोपेत कात्री म्हणालीस.” आणि आता नवीन कामगिरी — ढब्बू अडकला की ही लगेच हजर. “त्याला पाणी हवंय.” “त्याला म्हणायचंय की मांजर आलं.” दुभाषी! आणि खरं सांगायचं तर दर वेळी बरोबर असतं. त्याचं ‘प’ सुरू व्हायच्या आधी हिच्या हातात पेला.

२५ एप्रिल

मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. कान बघितले, घसा बघितला. “या वयात होतं. बऱ्याच मुलांचं आपोआप जातं.”

“कधी?”

खांदे उडवले. मग माझा चेहरा बघून एका वाचा-उपचारवाल्या बाईंचं नाव दिलं.

२८ एप्रिल

आज सकाळपासून एकदाही नाही! मी कुणालाच सांगितलं नाही. बोलले तर जाईल, अशी भीती.

२८ एप्रिल, संध्याकाळी

न बोलताही गेलं. ‘मी’वर अडकला. मी-मी-मी-मी. स्वतःवरच अडकून बसला पोरगा.

३ मे, शनिवार

सासूबाई आठ दिवसांसाठी आल्यात. मुलांना बघेन, तुझी काज-बटणं होतील, म्हणाल्या. खूप बरं वाटलं. दुपारपर्यंत.

दुपारी ढब्बू त्यांना काहीतरी सांगायला गेला. कु-कु-कु— त्यांनी त्याची हनुवटी धरली. “हळू बोल. श्वास घे. परत म्हण.” त्याने परत म्हटलं. “अं हं. परत.” चौथ्या वेळी तो पलंगाखाली जाऊन बसला. ताई पोटावर सरपटत त्याच्या मागे. आतून तिचा आवाज — “आजी, तो कुत्र्याबद्दल सांगत होता. बाहेरचं कुत्रं लंगडतंय.”

नंतर स्वयंपाकघरात, भांडी विसळता विसळता, अगदी सहज — “आमच्याकडे कुणालाच नाही गं असं.”

आमच्याकडे! म्हणजे माझ्याकडे शोधायचं. मी रात्री अंथरुणावर पडून माहेरचे सगळे मोजले. एक चुलतमामा झोपेत बोलायचे, पण ते वेगळं.

६ मे, मंगळवार

त्या वाचा-उपचारवाल्या बाईंकडे गेले. छोटीशी खोली, जमिनीवर खेळणी. त्या ढब्बूबरोबर खाली बसून गाड्या खेळल्या, मी भिंतीला टेकून. अर्धा तास त्याला एकही प्रश्न विचारला नाही त्यांनी! तो आपणहून बोलला. अडकला. त्या नुसत्या थांबल्या. घाई नाही, चेहऱ्यावर काही नाही, जणू वेळच वेळ आहे जगात. आणि शब्द आला बाहेर. मला रडूच फुटलं.

मग मला म्हणाल्या — ‘हळू बोल’ म्हणू नका, तुम्हीच हळू बोला. शब्द पुरवू नका. त्याच्या डोळ्यांत बघा, ओठांकडे नको. घरात एक बोलत असताना दुसऱ्याने तोडायचं नाही. प्रत्येकाची पाळी. आणि यात तुमची काही चूक नाही.

शेवटचं वाक्य दोनदा म्हणाल्या. दोन्ही वेळा मला पटलं नाही.

७ मे

ताईला समोर बसवून समजावलं. तो बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. त्याचा शब्द त्याला काढू द्यायचा.

“पण मला माहीत असतो.”

“माहीत असला तरी.”

“मग तो अडकला की मी काय करू?”

“काही नाही. गप्प बसायचं.”

तिने विचार केला. “आणि तो नसेल बोलत तेव्हा?”

फोन वाजला. शाळेचा माणूस, शर्टांचं विचारायला.

९ मे

जेवताना तीनदा मध्ये तोंड घातलं ताईने. तीनदा डोळे वटारले. चौथ्यांदा मी टेबलावर हात आपटला. भात उडाला. ढब्बू जे काही सांगत होता ते तिथेच राहिलं. सासूबाई म्हणाल्या, “पोरीला जरा धाक हवाच होता.” मला त्यांचं पटावं! काय दिवस आलेत.

११ मे, रविवार

सासूबाई गेल्या. हे ढब्बूला कारखान्यात घेऊन गेले, मला दोन तास मोकळे मिळावेत म्हणून. परत आले ते धावतच. दारातून ओरडत — “एकदाही अडकला नाही! एकदाही!”

तिथे मोठाली यंत्रं, कानठळ्या बसतात. बापाशी बोलायचं तर ओरडावं लागतं. आणि तो ओरडत होता म्हणे — “बाबा, हा बर्फ कुठे चालला? बाबा, याला थंडी वाजत नाही का?” — सगळं सरळ, गुळगुळीत. ह्यांच्या बरोबरचा मिस्त्री म्हणाला, पोरगं चांगलंच बोलकं आहे हो तुमचं. हे वाक्य ह्यांनी जेवतानाही परत सांगितलं.

१२ मे

तर मग घरीही आवाज करायचा! ह्यांची कल्पना. मिक्सर लावला, रिकामाच. माझं मशीन लावलं, पंखा पूर्ण, नळ सोडला. आणि आम्ही तिघं ओरडून बोलतोय — “ढब्बू! कलिंगड हवं का?” “हो! मोठी फोड!” — खरंच की! सरळ! आम्ही वेड्यासारखे हसत होतो. ताई कानांवर हात ठेवून दारात उभी. खालच्या काकूंनी काठीने छत ठोकलं.

मिक्सर बंद केला. जळका वास येत होता.

“अ-अ-अजून,” ढब्बू म्हणाला. “अ-अ-अ—”

ह्यांनी परत लावला. सुरूच होईना. बटण दाबत राहिले, दाबत राहिले. मी हळूच हात धरला त्यांचा.

१७ मे, शनिवार

लिहायलाही लाज वाटते. दुपार, वीज गेलेली, मी हाताने स्कर्टांच्या कडांना हेम घालतेय, घामाने कापड चिकटतंय. फोनवर शाळेचा माणूस, आवाज चढलेला — बाह्या चुकल्यात, अख्ख्या वर्गाच्या. ढब्बू गुडघ्याला लटकून. “आई, मला, मला, म-म-म—” आणि मी — मी! — “अरे बोल ना एकदाचं!”

तो थांबला. त्याचा चेहरा नाही सांगता येत. शू लागली होती त्याला. तिथेच झाली.

ताईने न सांगता फडकं आणलं. पुसलं. त्याची चड्डी बदलली. एक अक्षर बोलली नाही. मी मात्र पुढे तासभर बोलतच होते — सॉरी रे, सॉरी रे, सॉरी रे. त्याला झोप येईपर्यंत.

२२ मे, गुरुवार

खालच्या काकूंच्या नातवाचा वाढदिवस. नेऊ नको, असं आतून वाटत होतं, पण किती दिवस घरात कोंडणार? फुगे, केक, बारा-पंधरा मुलं. ढब्बूला फुगा हवा होता. फ-फ-फ— आणि तो नातू, आठ वर्षांचा घोडा, सगळ्यांसमोर: “फ-फ-फ-फुटला रे याचा फुगा!” सगळी मुलं फिदीफिदी.

मी खोलीच्या या टोकाला, हातात कागदी बशी. पोचेपर्यंत ताईने त्याला धाडकन मारलं होतं. बुक्की. नाकावर. रक्त.

मग जे व्हायचं ते. काकू, त्याची आई, माझी माफी, परत माफी. मी ताईला दंडाला धरून जिन्यातून वर आणलं. “मारायचं कशाला? तोंड नाही का तुला? सांगता येत नव्हतं?”

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.

२३ मे

काकू जिन्यात भेटल्या. मान फिरवली.

३० मे

जरा बरं आहे. लिहिलं तर जाईल असं वाटतं, पण आहे. दिवसातून चार-पाच वेळाच अडकतो, आणि अडकला तरी शीर ताणत नाही, थांबतो आणि परत निघतो. त्या बाई म्हणाल्या, छान चाललंय, असंच चालू द्या. मी हळू बोलायला शिकलेय. इतकं हळू की शाळेच्या माणसाला वाटतं मी आजारी आहे.

ताईही गुणी झालीय अगदी. जेवताना आवाज नाही. दिवसभर शिलाईच्या टेबलाखाली बटणं रंगाप्रमाणे लावत बसते. सासूबाई फोनवर म्हणाल्या, दे तिला फोन. दिला. हो, अं, हं. परत दिला. “किती शहाणी झाली गं पोर!”

८ जून, रविवार

हे म्हणाले, “ताई गप्प गप्प का असते?”

“मोठी होतेय.”

“दोन आठवड्यांत?”

मी म्हटलं, एका पोराचं निस्तरतंय तर दुसरं काढू नका. शर्ट इस्त्रीला घ्यायचे होते.

१४ जून

अखेर शेवटचा गठ्ठा गेला! पुढची खोली केवढी मोठी आहे, विसरलेच होते. मग घरच्या पोरीचा गणवेश शिवायला घेतला. शिंपिणीची मुलगी नेहमी शेवटी. “हात वर. वळ. वाक जरा. कसा झालाय?” मान हलवली. संध्याकाळी अंघोळीच्या वेळी बघते तर काखेत लाल वळ. कच्चा शिवलेला गणवेश घालून बघताना टाके रुतले होते.

“सांगायचं नाही का गं?”

ती पाण्यात बोटं फिरवत राहिली. मी शिवण उसवली, सैल केली.

१५ जून, रविवार

उद्या दोघांची शाळा. ढब्बूचा तर पहिलाच दिवस. त्याला नाव विचारतील. फ-फ-फ करणारी मुलं तिथेही असतील. मी तिथे नसेन. हे म्हणतात, आपण काय करू शकतो? काहीच नाही. तेच तर.

१६ जून, सोमवार

ढब्बू रडला नाही. बालवर्गाच्या बाईंना नाव सांगितलं — दोनदा अडखळला, पण पूर्ण, आणि त्या थांबल्या! मी फाटकात उड्याच मारायची बाकी होते.

शाळा सुटल्यावर दोघांना न्यायला गेले, तर ताईच्या नव्या बाई तिचा हात धरून आल्या. “हिला बोलण्याची काही अडचण आहे का?”

“नाही हो, ती धाकट्याला. पण सुधारतोय आता.”

“मी हिचंच विचारतेय. दिवसभरात एक शब्द नाही. नावसुद्धा नाही सांगितलं.”

मी खाली बसले. तिच्या उंचीला आले. म्हटलं, सांग ना बाळा, बाईंना नाव.

तिने आधी ढब्बूकडे पाहिलं, तो काही बोलतोय का म्हणून. मग माझ्याकडे. ओठ जरासे उघडले आणि तसेच राहिले — आता बोलू का, असं विचारल्यासारखे.