गच्चीवर पत्रा

२ एप्रिल
पेणच्या घरी जाऊन आले. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू प्रशांत, त्याने छत दाखवलं. मागच्या पावसातले काळे डाग तसेच. त्याची ईरा तीन वर्षांची, ओल आली की दम लागतो तिला. "काकू, गच्चीवर पत्रा घाला. नायतर मे अखेरीला आम्ही खोली सोडतो." आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर मलाही भांडता आलं असतं. गेल्या वर्षी स्लॅबला ते गळतीवरचं रसायन फासून घेतलं, ते कुठे गेलं देव जाणे.

३ एप्रिल
काल डोक्यात आलं नाही ते आज रोह्यात घरी पोळ्या करताना आलं. पत्रा घातला तर सुशीला काय करील? तळमजल्याची भाडेकरू. पापड, कुरडया, मिरगुंडं, सगळं वाळवण गच्चीवर. गडबहून दोन बायका येतात तिच्या हाताखाली. म्हणजे तीन घरं त्या उन्हावर चालतात.
दोन पोळ्या करपल्या.

९ एप्रिल
करार करून देणाऱ्याला विचारलं. म्हणाला, करारात गच्चीचा शब्दच नाही, खुशाल घाला पत्रा. बरोबर आहे त्याचं. पण चार वर्षांपूर्वी तळमजल्याची खोली रिकामी पडली होती, कोणी टिकत नव्हतं, तेव्हा मीच सुशीलाला म्हटलं होतं, "गच्ची तुझीच समज." लिहिलेलं कुठेच नाही. मला आठवतंय, हीच पंचाईत.

१५ एप्रिल
इरफान येऊन गेला. ह्यांच्या ओळखीतला, पत्र्याच्या शेड बांधतो. अर्धीच गच्ची झाकली तर? "वहिनी, मग अर्ध्यावरचं पाणी जाणार कुठं? स्लॅबमधीच. घालायचा तर पूर्ण घाला." ऊन तरी येईल म्हणून पारदर्शक पत्र्याचं विचारलं तर हसला. मी काही विनोद केला नव्हता.

२२ एप्रिल
शेवटी सांगितलं. गच्चीभर कुरडया, पाय ठेवायला जागा नाही. सुशीला चिकाने भरलेले हात तसेच धरून उभी. मी भाषण पाठ करून गेले होते, दोन वाक्यांत संपलं.
"पत्र्याखाली ओल धरतात ओ ताई. वास येतो. गिऱ्हाईक परत येत नाय." मग म्हणाली, "पण घाला. श्रावणात ईराला रिक्षातून मीच नेली दवाखान्यात. त्या पोरीचा दम बघितलाय मी."
भांडेल, रडेल असं वाटलं होतं. तयारी त्याची होती. या समजूतदारपणाचं काय करायचं? लाज वाटली, दुसरं काय.

३० एप्रिल
सुशीला आजूबाजूच्या गच्च्या विचारत फिरतेय. निम्म्यांवर पत्रे आहेत, बाकीच्यांना रोज बायकांची ये-जा नको. तिने स्वतः नाही सांगितलं, प्रशांतच्या बायकोचा फोन आला. तीही सुशीलासाठी विचारत हिंडतेय. "काकू, आमच्यामुळे झालं ओ हे." म्हटलं, तुमच्यामुळे नाही, स्लॅबमुळे. बोलायला ठीक आहे.

६ मे
इरफान माप घ्यायला आला, त्याचा जोडीदार आला नव्हता. सुशीलाने वाळवणाच्या साड्या एका बाजूला ओढल्या आणि टेपचं दुसरं टोक धरलं. आकडेही तीच ओरडून सांगत होती. टाकीजवळ इरफान चुकला तर तिनेच सुधारलं. त्या गच्चीचा इंच न् इंच पाठ आहे तिला. प्रशांत ईराला कडेवर घेऊन जिन्यात उभा. वर आला नाही.
"वहिनी, सोमवारी चालू करू काम?"
सगळे माझ्याकडे बघायला लागले. घर माझं आहे ना.
"उद्या फोन करते," म्हटलं, आणि बस चुकेल म्हणून निघाले. बसला अजून पाऊण तास होता.