रिकामा फुगा

सोमवार, ३
नवी वही, नवं काम. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग यंत्रावर छापलेले फलक आले आणि आमचे ब्रश डब्यात वाळले. आता सत्तरीत पुन्हा अक्षरं काढायला बोलावणं आलं. शाळेची पायरी जेमतेम चढलेला मी, पण हातातलं कसब कुठे जातंय? पुस्तक भुतांचं आहे म्हटल्यावर सूनबाई म्हणाली, बाबा, घरातलं एक पुरे नाही का? रोख बिट्टीवर. नात सात वर्षांची, तोंडाचा पट्टा दिवसभर चालू.

चित्रकार बाई पन्नाशीच्या, मितभाषी. तीन जिने चढून खोली, उत्तरेला मोठी खिडकी, दोन तिरपी टेबलं. त्यांची चित्रकादंबरी भुताखेतांचा छडा लावणाऱ्या गुप्तहेराची. चित्रं त्या काढतात, संवादांचे फुगे मी भरायचे. गुप्तहेर म्हातारा आहे, कानावर पेन्सिल खोचलेली. बघताक्षणी आपल्याच धंद्यातला वाटला.

एकच नियम. पानोपानी एक कपाट येतं. त्याच्या अंधारातून निघणारा फुगा रिकामा ठेवायचा. बाई म्हणाल्या, आत जे आहे त्याच्याकडे शब्द नाही, म्हणून ते आतच आहे. एक शब्द मिळाला की त्याचंच बोट धरून बाहेर येईल. मी मान डोलावली. कलावंतांचे चोचले, आपल्याला काय.

मंगळवार, ४
आज नवी निब. आम्हा पाटीवाल्यांची जुनी खोड आहे. नवं हत्यार हातात आलं की आधी घरच्या माणसाचं नाव काढायचं, म्हणजे हात बसतो. पूर्वी हिचं काढायचो. ही गेल्यापासून नातीचं. आज समोर कोरा फुगा दिसला आणि सवयीने त्यात ‘बिट्टी’ काढून मोकळा झालो. वेलांटी काय झोकदार आली. मग जीभ चावली. वरून पांढरा रंग फासला. बाईंना बोललो नाही. एवढ्या तेवढ्याला कशाला त्यांच्या डोक्याला ताप.

गुरुवार, ६
रंगाखालून नाव वर आलंय. दोनदा फासला, दोनदा आलं. शाई पक्की असेल.

संध्याकाळी बिट्टी मांडीवर येऊन सांगत होती, दुपारी कपाटातून कोणीतरी तिला हाक मारली. सूनबाई हसली, म्हणाली अभ्यास टाळायचे शंभर बहाणे. मी विचारलं, आवाज कसा होता? पोर जरा विचारात पडली. म्हणाली, आजोबा, तुमच्या अक्षरासारखा.



शनिवार, ८
ब्लेडने नाव खरवडून काढलं. कागद पापुद्र्यासारखा झाला, पण गेलं एकदाचं. हायसं वाटलं.

घरी आलो तर बिट्टीचा आवाज बसलेला. बसलेला कसला — नाहीच. ओठ हलतात, आवाज नाही. डॉक्टर म्हणाले गळा साफ आहे, दोन दिवसांत बोलेल. पोरगी माझ्याकडे टक लावून बघत राहिली. घर इतकं शांत कधी नव्हतं.

कागदावरचं पुसलं, म्हणून तिचं — नको. हे लिहायलाच नको.

सोमवार, १०
सकाळी पान पाहिलं. खरवडलेल्या जागी नाव परत. माझंच वळण, तीच वेलांटी.

बाईंपुढे सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, आधी ही अक्षरं त्यांचे वडील काढायचे. त्यांनीही निब चालवून पाहिली होती, त्यांच्या बायकोच्या नावाने. आठवड्याने आई कपाट आवरायला गेली ती परतली नाही. तिला सोडवायला वडिलांनी त्याच फुग्यात स्वतःचं नाव लिहिलं. कपाटातल्याने आईला सोडलं नाही. त्याला दोन नावं मिळाली, एवढंच.

मी भिंतीवरच्या गुप्तहेराकडे बघितलं. कानावर पेन्सिल.

बाई म्हणाल्या, नऊ वर्षं झाली. त्या कपाटं काढतात, वडील शोधतात. अजून आई सापडलेली नाही. थांबायचं कसं, ते त्यांना कळत नाही.

मंगळवार, ११
घरच्या कपाटाला कुलूप घातलं. बिट्टीला स्वयंपाकघरात सूनबाईच्या पदराशी बसवलं. सूनबाईने दूध उतरवायला पाठ वळवली — तेवढ्यात.

कुलूप तसंच. आत कपडे तसेच. खाली तिची एक चप्पल.

 सूनबाईला मी सगळं सांगितलंय. ती फक्त कपाटापुढे बसलीय.

बुधवार, १२
पान बदललंय. कपाटाच्या फटीत एक लहान पाय. एकच चप्पल. गुप्तहेर दोन पावलांवर — पाठमोरा, भलत्याच दिशेला चाललेला. त्याला हाक मारायची तर तिला आवाज नाही. मी काढून घेतला.

फुग्यात नावाशेजारी जागा उरली आहे. एका नावापुरती.

बाई म्हणाल्या, काही उपयोग नाही. ठाऊक आहे मला. ती सुटणार नाही. पण अनोळखी अंधार आहे, पोरीला अंधाराची भीती वाटते — ओळखीचं कोणीतरी नको का जवळ. नाहीतर नऊ वर्षं एकटी —

निब धुतली.  अक्षर बिघडलं तर तिला ओळखू यायचं नाही. आधी इथेच, वहीत, एकदा माझं नाव काढून बघतो. हात बसला की मग