जिन्याखालची बिअर अजून भांडते

प्रिय नोरा विहीणबाई,

आज मीराचं बारसं झालं, आणि तुमच्या बिअरवरून तुमच्या यजमानांशी, मिकभाऊंशी, माझं भांडण झालं. मीच जिंकले! आता हे तुम्हाला नाही तर कुणाला सांगू? माझं लिहिणं मराठी, तेही चौथीपर्यंतचं. पण तिथं वर तुम्हाला दुभाष्या म्हणून विनय लागत नसेल. आपल्या दोघींच्या मधे बसून माझा हा लेक निम्मं सांगायचा आणि निम्मं गिळायचा!

आधी पोरीचं सांगते. तुमची ऑर्ला सुखरूप आहे. पोरगी घाईची निघाली, दिवस भरायच्या आधीच आली. जावळ हे एवढं! नाक तुमचं. आवाज माझा, असं विनय म्हणतो. मेला!

ऑर्लाला दिवस गेल्याचं कळलं, त्याच आठवड्यात तुम्ही आमच्या गॅसवर पातेलं चढवलंत. घरभर करपलेल्या लापशीचा वास! मी म्हटलं, "अहो, बाळ यायच्या आत तयारी करू नये, दृष्ट लागते." तुम्ही म्हणालात, "आमच्यातही बाळाची गाडी आधी घरात आणत नाहीत. पण ही काळी बिअर आहे, हिला मुरायला वेळ लागतो. बाळ येईल तेव्हा ही तयार हवी." मग मी बाटल्यांना लिंबू-मिरची बांधली.

आणि ठेवल्यात कुठं, तर आमच्याच जिन्याखाली! म्हणे तुमच्या घरी मिकभाऊ संपवून टाकतील. वर म्हणालात, "सुशीलाच्या समोरून कुणी बाटली नेऊन दाखवावी." जन्मभर गुत्त्यावरून जाताना नाकाला पदर लावणारी मी, आणि मलाच राखण!

तरी मी मनापासून केली हो. एके दिवशी तुमच्या या पावसाळी कॉर्क शहरात खरंखुरं ऊन पडलं. मी माझी लिंबाच्या लोणच्याची बरणी परसात ठेवली, आणि शेजारी तुमच्या सगळ्या बाटल्या मांडल्या. त्यांनाही जरा ऊब! तेवढ्यात तुम्ही आलात आणि ओरडलात, "जीझस, मेरी अँड जोसेफ!" मला वाटलं, आनंदानं देव आठवले. मीही हात जोडले. विनय म्हणाला, "आई, त्या प्रार्थना नाही करत आहेत. उन्हानं बिअरला वास मारतो."

लोणच्याला ऊन लागतं, बाळाला ऊन लागतं, मग हिचेच काय एवढे नखरे?

"मग किती दिवस ठेवायची?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "हलकी असेल तर काही आठवडे पुरतात. हिचं तसं नाही. महिन्याला एक उघडायची आणि चाखायची. जिभेशी भांडायची थांबली की झाली."

मग दर महिन्याला तुमचं ते नाटक! एक घोट घ्यायचा, डोळा बारीक करायचा, "भांडते अजून" म्हणायचं, आणि चमचा माझ्यापुढे धरायचा. मी दर वेळी म्हणायची, "शिव शिव! मी नाही हो." आणि तुम्ही दर वेळी धरायचात. इतकं कशाला छळावं माणसानं?

मग फेब्रुवारीत तुम्ही अशा अचानक गेलात. हे काय वागणं झालं? दुसऱ्याला थांबायला शिकवायचं आणि आपण थांबायचं नाही! पुढे कुणी चाखलीच नाही.

आज बारशाला मिकभाऊ जिन्यापाशी येऊन उभे. म्हणाले, "बाळ आलं, आता काढा सगळ्या. नोरा तेच म्हणाली होती." विनयही मान हलवायला लागला. खरंच होतं ते. पण बाळ आधी आलं, त्याला बिअर काय करणार? मी म्हटलं, "आधी चाखायची."

"कोण चाखणार?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मिकभाऊंना विचारण्यात अर्थ नाही, त्यांना सगळंच ग्रँड लागतं.

मग मीच घेतला हो! तुमचाच चमचा. पदर सावरला, डोळे मिटले.

अगंबाई! आधी कारलं, मग करपलेला गूळ, मग नाकात झिणझिण्या. ऑर्ला हसून हसून रडली. पण जीभ माझी लोणच्यावर तयार झालेली, तिला कच्चं लगेच कळतं. मी म्हटलं, "भांडते अजून." आणि जिन्याच्या दाराला पाठ लावून बसले.

मिकभाऊ म्हणाले, "ही तर नोराहून वाईट आहे!" आणि डोळे पुसत चहा मागितला.

आता मीराच्या उष्टावणाला बघू. तोवर दर महिन्याला मी एक चमचा चाखीन, औषध म्हणून. भांडायची थांबली, की पहिला पेला मिकभाऊंना, तुमच्या नावानं. आणि कॉर्कला कितीही लख्ख ऊन पडू दे, बाहेर फक्त बरणी ठेवीन. तुमच्या त्या तिन्ही देवांची शपथ!

तुमची जिन्याखालची राखणदार,
विहीण सुशीला