माझ्या जठराचे दुर्बीणदर्शन

मंगळवार, सायंकाळ

श्रीमन्महोदर, पलंगभंजक, मिसळकुलावतंस अस्मादिकांच्या जठरात आज दुर्बीण घातली गेली. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी म्हणे ते अनिवार्य! कापायचेच आहे, तर आधी डोकावण्याचा आगाऊपणा कशाला?

"अहो, बायपासमध्ये जठराचा हा भाग वाटेतून बाजूला पडतो; मग तो दुर्बिणीला दिसणारच नाही," डॉक्टर म्हणाले. आणि नेमका तिथेच व्रण सापडला. दुष्ट दुर्बीण! शुक्रवारची शस्त्रक्रिया महिनाभर लांबली. गुडघे तोवर टिकतील?

सौ. म्हणाल्या, "थांबा की. पळून कुठे जाणार आहात? जिना तरी चढवतो का?"

व्रण... न दिसताच राहिला असता तर? नको तो विचार.

गोळ्या त्रिवार, जेवणानंतर. आहारतज्ज्ञ बाईंनी जेवणे दोनच ठेवली आहेत. तिसरी गोळी कशानंतर घ्यावी? रुग्णालयात फोन कोणी उचलत नाही.