घर सोडण्याचं जर्मन

आदरणीय रहमतबी फुफींना,

भोरहून फौजियाचा सलाम. वरव्यात तुमचे गुडघे काय म्हणतात? फुफाजींमागं एकट्या राहता, तेव्हा चोळायचं तेल संपलं की कळवत जा. इकडं आम्ही दोघं बरे आहोत. (म्हणजे अब्बा बरे आहेत असं अब्बा म्हणतात.)

नर्सिंग झाल्यावर मी पुण्यात जर्मनचा क्लास लावलाय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. अब्बांना वाटतं, पुण्यातल्याच एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात त्याचा उपयोग होत असेल. तर परवा बाईंनी इंग्रजीतलं 'मूव्ह आउट' जर्मनमध्ये वापरायला सांगितलं. मूव्ह आउट म्हणजे राहतं घर सोडून दुसरीकडं जाणं. जर्मन लोक त्याला 'आउसत्सीएन' म्हणतात, पण मेल्या शब्दाचा दुसरा अर्थ अंगावरचे कपडे काढणं. माझा मधला एक बारकासा शब्द चुकला, आणि मी भर वर्गात उभं राहून सांगितलं, की मी वडिलांच्या घरी कपडे काढले आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. बाईसुद्धा डोळे पुसेपर्यंत हसल्या. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडून आले, कारण वाईट वाटतं हे खरंच होतं.

घरी तोच शब्द घोकताना अब्बांनी ऐकला नि अर्थ विचारला. खरा अर्थ तोंडातून निघेना. म्हटलं, कपडे काढणं. त्यांना वाटलं, दोरीवरचे. तेव्हापासून आभाळ भरून आलं (भोरच्या आभाळाला दुसरं काम नाही) की ओट्यावरून हाक येते, "फौजे, आउसत्सीएन कर गं, भिजंल सगळं." शेजारची शिवानीही आता तसंच म्हणायला लागलीय. घर सोड म्हणून बाप रोज हाक मारतोय, आणि मी त्यांचे ओलसर सदरे छातीशी धरून आत येते. अम्मी असती तर तिच्या कानात सांगितलं असतं. पुढचं तिनं बघितलं असतं.

तुमची,
फौजिया

ता. क. जर्मनीचा व्हिसा आलाय. पुढच्या महिन्यात जायचं, तीन वर्षांसाठी. अब्बांना सांगायला जीभ वळत नाही. रविवारी एसटीनं येऊन तुम्ही सांगाल का? थोरल्या बहिणीचं ते ऐकतात.

आणखी एक. कुणाला लिहितेस, असं अब्बा आत्ताच विचारून गेले. तुमचं नाव सांगितलं. जाता जाता दारातून म्हणाले, "आपाला इचार, एकट्यापुरता भात लावायचा तर पाणी किती घालायचं. म्या कदी लावला न्हाई."

फुफी, सांगायला या असं वर लिहिलंय ते खोडा. नुसत्या या.