आत्याबाईंची नापसंती

३ मार्च, सोमवार
लिफ्टचा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटर-भाषेत लिहायला घेतलाय, तर तिचं दिवसभर नुसतं "नाही, नाही"! जुनी भाषा किती गुणाची — काहीही लिहा, मान डोलवायची. मग लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे लटकली तर लटकली! हिचा कोड तपासणारा कंपायलर मात्र प्रोग्राम चालायच्या आधीच खोट काढतो. मी त्याचं नाव आत्याबाई ठेवलंय. लग्नात न शोभणारी साडीसुद्धा सुटायची नाही यांच्या नजरेतून.

४ मार्च, मंगळवार
आत्याबाईंची आजची तक्रार — "दार बंद आहे का" ही एकच नोंद दाराचा कोड आणि मोटरचा कोड एकाच वेळी बदलतायत. एकाने लिहावं, दुसऱ्याने थांबावं म्हणे. अहो, थांबतील की! समजूतदार आहेत दोघं.

टेस्टर म्हणाला, "दार उघडं असताना मोटरला बंद वाटलं तर?"

साहेबांनी उडवून लावलं — "आत्याबाईला मिशा असत्या तर!" सगळे हसले. मी सगळ्यात जोरात.

६ मार्च, गुरुवार
नीट लिहायचं तर दोन आठवडे हवेत. साहेबांकडे वेळ नाही, तोडगा आहे. या भाषेत कोडभोवती "असुरक्षित" असं कुंपण घालता येतं. म्हणजे आत्याबाईंनी आत डोकावायचं नाही, जबाबदारी लिहिणाऱ्याची. "घाल गं, तात्पुरतं आहे." घातलं. आत्याबाई गप्प! जाहिरातीत मात्र ठळक छापलंय — सर्वात सुरक्षित भाषेत बनवलेली लिफ्ट. वा रे वा!

११ मार्च, मंगळवार
कुंपण कधी काढायचं, विचारलं. "चालतंय ना? मग!"

१४ मार्च, शुक्रवार
पहिली लिफ्ट आमच्याच ऑफिसच्या इमारतीत बसवली. साहेबांनी फीत कापली, टाळ्या झाल्या. आणि मग सगळी वरात चौथ्या मजल्यावर निघाली — जिन्याने! साहेबांचा गुडघा दुखतो, तरीही. "व्यायाम हो!" धापा टाकत म्हणाले. टेस्टर माझ्याकडे बघत होता. मी पायऱ्यांकडे.

१७ मार्च, सोमवार
माझा चष्मा घरी राहिला, म्हणून आई घेऊन आली. खुशीत होती. "तुझ्या लिफ्टने आले गं! काय चपळ आहे! मी पाय आत घेतेय तोवर निघालीसुद्धा, दार उघडंच!"

धावत खाली गेले, मेन स्विच बंद केला. साहेब ओरडले, "कुणाला विचारून?"

आत्याबाईंना, म्हटलं.

मग आईला हाताला धरून जिन्याने खाली नेलं. आता कुंपण काढायला बसलेय.